बिनचूक माणसाची हजामत

भोसरीत दाढी कोणत्या दिवशी करायची, हा प्रश्न बाहेरगावच्या माणसाला किरकोळ वाटेल. सोमवारी सलूनं बंद. मंगळवारी केस-नखं काढलेली घरातल्या वडीलधाऱ्यांना खपत नाहीत. गुरुवारी एमआयडीसीला साप्ताहिक सुट्टी, म्हणजे कारखान्यातल्या माणसाला सवड मिळते ती नेमकी गुरुवारी. पण गुरुवार दत्ताचा, त्या दिवशी वस्तरा नको. शनिवार मारुतीचा. उरले बुधवार, शुक्रवार आणि रविवार. त्यात एखादी अमावास्या किंवा एकादशी टपकली की आणखी एक गेला. श्रावण पाळणाऱ्याचा तर अख्खा महिनाच बाद. या सगळ्यावर कडी म्हणजे पिंपरी-चिंचवड महापालिकेनं नोव्हेंबर २०१९ मध्ये शहराला दिवसाआड पाणी द्यायला सुरुवात केली. देव, कारखानदार आणि पाणीपुरवठा विभाग यांच्या वेळापत्रकांतून जी फट उरते, तीत भोसरीकर दाढी उरकतो. त्या फटीत कुणी हौसेनं उघडा वस्तरा घेऊन उतरेल, असं कुणाला वाटलं नव्हतं.

उतरला तो एक क्वालिटीवाला. जे ब्लॉकमधल्या एका वर्कशॉपात तपासणी विभाग सांभाळणारे, इंद्रायणीनगरात राहणारे, पन्नाशीकडे झुकलेले गृहस्थ. शॉपवर त्यांना सगळे क्वालिटीवालेच म्हणतात आणि घरीही त्यांची कीर्ती तीच. पोळीची कड मधल्या भागापेक्षा जाड आहे, हे त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. बायकोनं शांतपणे लाटणं त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "सेटिंग करून द्या." तेव्हापासून स्वयंपाकघरातली तपासणी बंद आहे.

ठिणगी पडली ती श्रावण संपल्यावर. अमावास्या उलटली होती, गणपती तोंडावर आले होते आणि महिनाभराच्या दाढ्या घेऊन अर्धं भोसरी सलूनात बसलं होतं. दर पाच मिनिटांनी कुणीतरी आत डोकावून "फक्त दाढीच आहे रे" म्हणत पुढं घुसायचं. क्वालिटीवाल्यांचीही फक्त दाढीच होती, पण ते रांगेतून आले होते, त्यामुळे त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जायचं कारण नव्हतं. शेवटी खुर्ची मिळाली, तर विशीतला कारागीर त्यांच्या गालावरून बोट फिरवून सुतकी चेहऱ्यानं उभा.

"साहेब, डी-टॅन करू?"

"फक्त दाढी."

"टॅनिंग लई झालंय हो. उन्हात काम असतं का?"

"एसी रूममध्ये असतो मी. फक्त दाढी."

"बरं. मग निदान ब्लॅक मास्क? नाकावर लई घाण आहे."

बाहेर पडेपर्यंत नाक स्वच्छ झालं होतं आणि पाकीटही. घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, की यापुढं आपण घरी दाढी करणार, वस्तऱ्यानं, तीही जुन्या पद्धतीनं: साबण, ब्रश, चामड्याचा पट्टा, सगळं यथासांग. "अहो, पण जमेल का?" एवढंच बायकोनं विचारलं. "आयुष्य कटिंग टूलमध्ये गेलंय माझं," ते म्हणाले. "रेक अँगल, क्लिअरन्स, धार. आणि गाल म्हणजे काय, सॉफ्ट मटेरियल."

घरातल्या कार्ट्रिजवरही त्यांचा जुना राग होता, आणि तो अगदीच गैरवाजवी म्हणता येणार नाही. १९७१ साली जिलेटनं दोन पात्यांचा रेझर काढला, १९९८ साली तीन पात्यांचा, २००६ साली एकदम पाच. मधलं चार कुठं गेलं? ते शिक या प्रतिस्पर्धी कंपनीनं २००३ सालीच उचललं होतं. आधीच्या चौघांनी काम केल्यावर पाचव्या पात्याला नेमकं काय उरतं, हा प्रश्न क्वालिटीवाल्यांना दात घासतानाही छळायचा. शॉपवर एका ऑपरेशनला पाच टूल लावली असती तर ऑडिटरनं कच्चा खाल्ला असता. शिवाय कार्ट्रिज इतकं महाग, की दुकानदार ते काउंटरच्या मागं ठेवतो, आणि घरी माणूस ते कापायचं थांबल्यावरही महिनाभर गालावरून फिरवत राहतो.

गंमत अशी, की ज्या पसाऱ्यातून सुटावं म्हणून जगानं एवढी पाती काढली, तोच पसारा क्वालिटीवाल्यांनी कुरिअरनं मागवला. १८९५ साली किंग कॅम्प जिलेट नावाचा अमेरिकेतला फिरता विक्रेता सकाळी आरशासमोर उभा राहिला, तेव्हा त्याचा वस्तरा पट्ट्यावर घासूनही भागणार नाही इतका बोथटला होता. धार लावायलाच द्यायला हवा होता. बाटलीचं पत्र्याचं बूच शोधणाऱ्या विल्यम पेंटरनं त्याला आधीच कानमंत्र दिला होता: लोक वापरून टाकतील आणि पुन्हा विकत घेतील, असं काहीतरी काढ. दोन्ही गोष्टी डोक्यात जुळल्या. पोलादातल्या जाणकारांनी सांगितलं, एवढा पातळ पत्रा कडक होणं अशक्य. विल्यम निकर्सन या इंजिनिअरनं तो करून दाखवला. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, खपले ५१ रेझर आणि १६८ पाती. पेटंट मिळालं १५ नोव्हेंबर १९०४ रोजी. पुढं पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यानं आपल्या शिपायांना असे रेझर लाखांनी वाटले आणि घरोघरचे पट्टे नि दगड माळ्यावर गेले. शंभरावर वर्षांनी त्यातला एक संच भोसरीच्या पत्त्यावर येऊन पडला, कॅश ऑन डिलिव्हरी.

खोकं उघडायला सगळं घर जमलं. वस्तरा निघाला, पट्टा निघाला, धार लावायचा दगड निघाला. मग ब्रश.

"केस कसले रे याचे?" आईनं विचारलं.

माहितीपत्रक वाचून उत्तर द्यायची सवय नडली. "रानडुकराचे."

त्यानंतर ब्रश बाल्कनीत राहायला गेला, तुळशीपासून लांबच्या कोपऱ्यात, आणि दोनच दिवसांत नायलॉनचा आला. आईनं मात्र त्या निमित्तानं गावाकडचा न्हावी आठवला. काखेत धोकटी मारून तो ओसरीवर यायचा, पाटावर बसवून आजोबांची दाढी करायचा, सुगीला खळ्यावरून बलुतं न्यायचा.

"तुझ्या आजोबांनी जन्मात कधी वस्तऱ्याला हात लावला नाही."

"का?"

"शहाणे होते."

पहिला बळी गेला तो पट्ट्याचा. वस्तरा पट्ट्यावर फिरवताना पाठ पुढं आणि धार मागं ठेवायची असते, आणि टोकाला पोचलं की पाठीवरून पालटायचा असतो. क्वालिटीवाल्यांना हे सगळं तोंडपाठ होतं. फक्त व्हिडिओतल्या माणसाचा वेग त्यांना आवडला. चौथ्या की पाचव्या फेरीला वस्तरा धारेवरून पालटला आणि पट्ट्याचा एक सुबक तुकडा फरशीवर पडला. "बाबा, पण कापतंय भारी," मुलगा म्हणाला. मुलाची बारावी असल्यानं त्याला अभ्यासाला बसवण्यात आलं.

खरी दाढी सुरू करायची म्हणजे आधी केस मऊ करायला हवेत. दोन-तीन मिनिटं कोमट पाणी जिरलं की केस फुगतो आणि कापायला सोपा जातो. या शास्त्राला विरोध नाही. विरोध होता तो टाकीचा. पाणी आलेल्या दिवशी घरात मोटर, वॉशिंग मशीन, पिंपं, बादल्या या सर्वांचा हक्क आधी लागतो, आणि न आलेल्या दिवशी फेस धुवायलाही मग मोजून मिळतो.

या बाबतीत खुद्द जिलेट कंपनी तोंडावर पडली आहे, हे वाचून क्वालिटीवाल्यांना बरं वाटलं. २००२ साली भारतासाठी म्हणून तिनं एक रेझर आणला. पात्यांत अडकलेले केस ढकलून काढायला त्याला छोटी दांडी होती. चाचणी घेतली होती भारतीयांवरच, पण ते अमेरिकेत एमआयटीत शिकणारे भारतीय! त्यांना रेझर आवडला, कारण त्यांच्या बेसिनला चोवीस तास पाणी. इथला गडी मगभर पाणी घेऊन खाली बसलेला. मगात बुडवून त्या पात्यांतले केस काही निघेनात. शहाणे होऊन कंपनीची माणसं मग खरोखर इथल्या घरांत जाऊन बसली, हजाराहून अधिक लोकांसोबत तीन हजार तास घालवले, आणि २०१० साली एकाच पात्याचा, पंधरा रुपयांचा रेझर बाजारात आणला. सुटं पातं पाच रुपयांना. तीन हजार तास! तेवढ्यात त्यांनी भोसरीतल्या कोणत्याही सोसायटीच्या वॉचमनला विचारलं असतं, तर त्यानं पाण्याची वेळसुद्धा सांगितली असती.

तर एका बुधवारी, पाण्याच्या वारी, मुहूर्त लागला. फेस उत्तम झाला. उजवा गाल बरा गेला. मग उजव्याच हातानं डाव्या गालाकडे जायची वेळ आली, तेव्हा मनगट नाकापाशी आडवं आलं आणि समोर आरशात कोण कुणाच्या कोणत्या बाजूला आहे, याचा हिशेब लागेना. त्यांनी वस्तरा डाव्या हातात घेतला. डाव्या हातानं त्यांनी आयुष्यात फक्त घड्याळ बांधलं होतं. इतक्यात खाली घंटागाडीचं गाणं लागलं, पाठोपाठ आतून हाक आली, "अहो, कचरा! आणि मोटर बंद करा, टाकी वाहतेय!" अर्धा चेहरा फेसाचा, हातात उघडा वस्तरा, अशा वेशात ते मोटर बंद करायला जिन्यात आले. समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींनी दार उघडलं आणि लगेच लावून घेतलं.

उरलेली दाढी घाईत झाली. हनुवटीखाली एक, कंठमण्यावर एक, ओठावर एक. तुरटी फिरवली, तिनं फक्त झोंबण्याचं काम केलं. शेवटी आईनं घरचा उपाय केला आणि जखमांवर हळद दाबली. फर्स्ट शिफ्टची बस गाठायची होती, धुवायला वेळ नव्हता.

गेटवरच्या सिक्युरिटीनं हात जोडले. "जेजुरी झाली वाटतं, साहेब? प्रसाद?"

दुपारी कँटीनमध्ये त्यांनी गांधीजींचा दाखला दिला. प्रिटोरियात गोऱ्या न्हाव्यानं केस कापायला नकार दिला, तेव्हा गांधीजींनी मशीन विकत घेऊन आरशासमोर स्वतःच केस कापले. मागची बाजू पार बिघडली, कोर्टातले मित्र उंदरांनी कुरतडलं का विचारून हसले, पण गांधीजींनी स्वावलंबन सोडलं नाही; हे सगळं आत्मचरित्रात आहे. संध्याकाळी घरीही त्यांनी तेच सांगितलं.

"त्यांनी केस कापले होते," बायको म्हणाली. "गळा नाही."

शॉपवर एखादा जॉब रिजेक्ट झाला, की क्वालिटीवाले संबंधितांना उभं करून पाच वेळा 'का' विचारतात. जपानी पद्धत आहे, पाचव्या 'का'ला मूळ कारण हाती लागतं म्हणतात. त्यांनी ती स्वतःला लावली, कागदावर, रीतसर. काप का पडला? कोन चुकला. कोन का चुकला? हात हलला. हात का हलला? फोन वाजला. फोन का वाजला? उशीर का झाला, हे विचारायला सुपरवायझरनं केला. उशीर का झाला? दाढी करत होतो. कागद गोल फिरून जागेवर आला. अशा कागदांवर त्यांनी आजवर कित्येक ऑपरेटरच्या सह्या घेतल्या होत्या. या कागदावर कुणाची घ्यायची हे कळेना, म्हणून तो फाइलला लागला नाही.

वास्तविक या गृहस्थांचा शॉपवरचा सगळा लौकिक पोका-योकेवर उभा आहे. टोयोटासाठी काम करणाऱ्या शिगेओ शिंगो यांनी रुजवलेली ही युक्ती भोसरी-चाकण पट्ट्यात पोराटोरांनाही ठाऊक असते: चूक करू नकोस असं माणसाला सांगत बसायचं नाही, चूक होऊच शकणार नाही असं काम बांधायचं. जॉब उलटा बसत असेल तर फिक्स्चरला एक खुंटी ठोकायची. मग झोपेतही उलटा बसत नाही. या हिशेबानं जिलेटचा रेझर म्हणजे गालाचा पोका-योके. त्याच्याही आधी, १७६९ साली, ज्याँ-जाक पेरे या पॅरिसच्या कारागिरानं आपली दाढी आपण कशी करावी यावर अख्खं पुस्तक लिहिलं होतं आणि वस्तऱ्याच्या धारेला लाकडी आडकाठी बसवायची युक्ती सुचवली होती. म्हणजे खुंटी ठोकायचं काम अडीचशे वर्षांपूर्वी झालेलं. आणि दिवसभर दुसऱ्यांच्या कामाला खुंट्या ठोकणारा माणूस पहाटे उठून ती खुंटी उपटून टाकत होता. आठ तास चूक होऊ न देण्याचा पगार घेतल्यावर, ज्यात चूक व्हायची भरपूर सोय आहे असं काहीतरी घरी हवंसं वाटत असावं. प्रस्तुत लेखकाचा हा अंदाज आहे. तो तपासायला स्वतःचा गाल द्यायची त्याची तयारी नाही.

दगडावर धार लावणं मात्र त्यांना खरोखर जमायला लागलं होतं. वस्तऱ्याची पाठ जाड असते आणि धार लावताना पाठ नि धार दोन्ही दगडाला टेकवायच्या असतात, त्यामुळे कोन आपोआप धरला जातो. त्यातला जिग पाहून ते हरखले. पण धार टिकेना. कारण शोधताना त्यांना एमआयटीतलंच एक संशोधन सापडलं, २०२० साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेलं. पोलाद केसापेक्षा जवळजवळ पन्नास पट कठीण, तरी केस वाकताना योग्य जागी भेटला तर धारेचा टवका काढतो. संशोधकानं स्वतःची दाढी करून पातं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून हे पाहिलं होतं. क्वालिटीवाल्यांनी दुसऱ्या दिवशी रुमालात गुंडाळून वस्तरा कंपनीत नेला आणि लंच टाइमला प्रोफाइल प्रोजेक्टरवर लावला. पडद्यावर धारेचा डोंगराएवढा टवका दिसला.

"हा कुठल्या कस्टमरचा जॉब?" मागून मालकांचा आवाज आला.

"सॅम्पल आहे, सर. डेव्हलपमेंट स्टेजला आहे."

"मग रिजेक्ट करा की. बघत काय बसलात?"

आपली दाढी पोलादाला भारी पडते, ही बातमी त्या रात्री घरात दोनदा सांगून झाली. मुलानं बेसिनच्या नळाकडे बोट दाखवलं. नळाच्या तोटीवर, वस्तरा धुवायच्या उंचीला, एक ताजा चकचकीत ओरखडा होता.

मग त्यांनी एक पायरी खाली यायचं ठरवलं. न्हाव्यांच्या सामानाच्या दुकानातून हल्ली सलूनात असतो तसला वस्तरा आणला: नेहमीचं दुधारी ब्लेड कागदासकट मधून मोडायचं आणि अर्धं खाचेत सरकवायचं. एचआयव्हीची जागृती झाल्यापासून गिऱ्हाईकच नव्या ब्लेडचा आग्रह धरायला लागलं आणि दगड-पट्ट्याचे जुने वस्तरे दुकानांतून गेले. धार लावायची कटकट नाही, पट्टा नाही. ब्लेडची जाडी मायक्रोमीटरवर मोजली, बरोब्बर शंभर मायक्रॉन. एवढं पातळ पातं जुन्या वजनदार वस्तऱ्यापेक्षा जास्त अवखळ असतं आणि चुकीला अजिबात क्षमा करत नाही, ही माहिती त्यांना वाचून मिळाली नाही, गालावरून मिळाली. उरलेल्या अर्ध्या ब्लेडांची मात्र घरात सोय झाली. ब्लाउजची शिवण उसवायला इतकं छान हत्यार आजवर आलं नव्हतं, असं बायकोचं मत पडलं.

शेवटी ट्रेनिंग घ्यायचं ठरलं. लांडेवाडीत दोन खुर्च्यांचं एक जुनं दुकान आहे, भिंतीवर संत सेना महाराजांचा फोटो, खाली साठी उलटलेले मामा. तिथं डी-टॅन विचारत नाहीत. क्वालिटीवाले खिशात छोटी वही घेऊन खुर्चीत बसले.

"मामा, अँगल किती धरता?"

"कशाचा?"

"वस्तऱ्याचा. तीस डिग्री असतो म्हणतात."

"गाल असंल तसा," मामा म्हणाले आणि डाव्या अंगठ्यानं गाल वर ताणला. "वस्तऱ्याकडं बघू नका साहेब. वस्तरा नुसता जातोय. काम हा डावा हात करतोय."

"आणि प्रेशर?"

"बोलू नका आता, मिशीखाली आलोय."

नाकाखालून वस्तरा फिरला, हनुवटीला वळसा घालून गळ्याशी आला. मामांचं अर्धं लक्ष दारात उभ्या माणसाकडे होतं. त्याच्याशी बैलगाडा शर्यतीत कुणाची बारी पहिली आली यावर वाद चालू होता. वाद मिटायच्या आत सुलटा हात झाला, उलटा हात झाला, तुरटी फिरली. तुरटी झोंबलीच नाही. क्वालिटीवाल्यांनी आरशात दोन्ही बाजू तपासल्या, बोटानं कानशिलापासून गळ्यापर्यंत चाचपलं. कुठंही डेव्हिएशन नव्हतं. वही कोरी राहिली होती.

"मामा, तुमची स्वतःची दाढी कोण करतं?"

"मीच. रोज सकाळी, घरी."

"याच वस्तऱ्यानं?"

"छ्या! प्लास्टिकचा रेझर आहे, किराणा दुकानातला." मामांनी खुर्चीवरचं फडकं झटकलं. "आरशात बघून स्वतःच्या गळ्याला वस्तरा लावायचा? साहेब, नातवंडं आहेत मला."